उन्हाळ्याचं बिऱ्हाड

होळीची राख गार होते न होते, तोच नागपुरातल्या त्या घरात बांधाबांध सुरू होते. फ्रिज रिकामा केला जातो, गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवला जातो. तुळशीची कुंडी शेजारच्या वहिनींच्या अंगणात जाते आणि तिच्यासोबत घराची एक किल्लीही. सामान फार नसतं. दोन बॅगा, खाऊची एक पिशवी, त्यात मेतकूट, सांडगे, घरचं तिखट, वाळवलेली अंबाडी. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक लोखंडी तवा!

या तव्यावरून दरवर्षी ठरलेला संवाद होतो.

"अगं, बंगळुरात तवे मिळत नाहीत का?" आजोबा विचारतात.

"मिळतात. पण त्यांच्यावर माझी भाकरी फुगत नाही," आजींचं उत्तर तयार असतं.

मग संघमित्रा एक्स्प्रेस. बल्लारशा, वरंगळ, विजयवाडा असं करत गाडी दक्षिणेत उतरते. पूर्वी ज्येष्ठ नागरिक म्हणून आजोबांना तिकिटात ४० टक्के आणि आजींना ५० टक्के सवलत मिळे. ती मार्च २०२० मध्ये बंद झाली, हे आजोबा प्रत्येक प्रवासात एकदा तरी सहप्रवाशांना सांगतात. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आजी शाळेतून. दोघांचीही पेन्शन आहे, पण हिशेबाची सवय काही सुटत नाही.

ही वारी सुरू झाली ती उन्हामुळे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर सहज चढतो. कूलर लावा, वाळ्याचे पडदे भिजवा, पन्हं प्या. नवतपाचे नऊ दिवस काढणं म्हातारपणी सोपं नाही. २०१५ च्या मे महिन्यात आजोबा बँकेतून पायी परतताना चक्कर येऊन रस्त्यातच बसले. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळ्यात कुठं तरी थंड हवेला जात जा." मुलगा बंगळूरला संगणकाच्या कंपनीत होताच. तो म्हणाला, "बाबा, आता विचार करूच नका. होळी झाली की इकडं यायचं आणि मृगाचा पाऊस पडला की परत जायचं."

गंमत अशी, की दोघं पहिल्यांदा गेले ते २०१६ साली आणि त्याच वर्षीच्या २४ एप्रिलला बंगळूरनं ३९.२ अंशांचा विक्रम केला! "आपण येताना पेटीत भरून आणलं की काय हे ऊन?" आजी म्हणाल्या होत्या. पण एरवी ते शहर नागपूरकराला थंडच वाटतं. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर, तर बंगळूर ९०० मीटरहून उंच. दुपार तापली तरी संध्याकाळी वारा सुटतो, एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी येतात आणि रात्री अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटतं.

ऋतू पाहून मुक्काम हलवणारी ही दोघंच काही जगावेगळी नाहीत. अमेरिका आणि कॅनडात याच्या नेमकं उलट चालतं. तिकडचे निवृत्त लोक बर्फाला कंटाळून हिवाळ्यात दक्षिणेला फ्लोरिडा, टेक्सास, ॲरिझोनाकडे उतरतात. त्यांना तिकडे 'हिमपक्षी' म्हणतात. त्यातले अनेक जण चक्क घर घेऊनच निघतात. मोठ्या मोटारीत किंवा मागं जोडलेल्या डब्यात पलंग, शेगडी, संडास, सगळं असतं. गाड्यांच्या वसाहतीत जागा भाड्यानं घ्यायची, वीज-पाण्याची जोडणी घ्यायची, की झालं बिऱ्हाड! ॲरिझोनातल्या क्वार्टझाइट या छोट्या गावाजवळच्या सरकारी जमिनीवर तर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगामी मुक्कामाचा परवानाच मिळतो.

या लोकांचं एक वैशिष्ट्य मात्र ध्यानात घेण्यासारखं आहे. गाव बदललं तरी त्यांची चूल बदलत नाही. चहा कधी करायचा, कांदा कुठं ठेवायचा, दिवा कधी मालवायचा, हे त्यांचं तेच ठरवतात.

आजी-आजोबांचं घोडं अडलं होतं ते नेमकं इथंच.

तसं पाहिलं तर दुःख म्हणावं असं काहीच नव्हतं. व्हाइटफील्डकडच्या मोठ्या वसाहतीत मुलाचं दोन खोल्या आणि हॉलचं घर. मुलगा समजूतदार, सूनबाई जिवाला जीव देणारी, नातू तर आजीला चिकटलेला. गुढीपाडवा आणि तिथला उगादी एकाच दिवशी. आपण कडुनिंब आणि गूळ खातो, तसं तेही बेवू-बेल्ला खातात. आपली पुरणपोळी तिथं होळिगे होऊन ताटात येते. लालबागेतल्या झाडांखाली बसून सकाळ कशी सरते, ते कळत नाही.

मल्लेश्वरमला गेलं, की आजोबांना इतिहास आठवतो. "अगं, शहाजीराजांनी इथूनच जहागीर सांभाळली. १६३८ नंतर राजे इकडचेच झाले. १६६४ मध्ये गेले, तेही कर्नाटकातच, होदिगेरेला."

"पण जिजाऊ पुण्याला परतल्या ना?" आजी शांतपणे म्हणतात. यावर आजोबांकडे उत्तर नसतं.

घरात मात्र दिवस मोठा असे. स्वयंपाकघर सूनबाईचं. डबे कुठं, चाळणी कुठं, सगळं विचारावं लागे. आणलेला तवा बाल्कनीतल्या कपाटात पडून राही, कारण तिथल्या शेगडीला तो चालत नसे. हॉलमध्ये मुलाची परदेशी माणसांशी बैठक सुरू झाली, की आजोबा बातम्यांचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. कुणी काही म्हणत नव्हतं. पण पाहुण्यासारखं वागायचं आणि घरच्यासारखं राबायचं, या दोन्ही गोष्टी एकदम कराव्या लागत होत्या.

आजी एकदा हौसेनं शहर बसनं निघाल्या. जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला होता. वाहकानं ओळखपत्र मागितलं. आजींच्या आधार कार्डावर पत्ता नागपूरचा! ही सवलत कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी आहे, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. आजींनी तिकीट काढलं. पैशांचं काही नव्हतं, पण घरी येऊन त्या म्हणाल्या, "आपण इथल्या नाही, हे आज कागदावर कळलं."

संध्याकाळी गुलमोहराखालच्या बाकावर जीव रमे. तिथं कानपूरचे काका, कोइमतूरच्या आजी, हुबळीचे निवृत्त पोस्टमास्तर, गुंटूरचं शिक्षक जोडपं, अशी सगळी मंडळी जमत. बहुतेक सगळी कुलूप लावून आलेली. मोडक्या हिंदीत पहिला प्रश्न ठरलेला, "वापस कब?" त्या बाकावर मात्र कुणीच पाहुणं नव्हतं.

मग आला २०२४ चा उन्हाळा. बंगळुरात पाण्याचा दुष्काळ पडला. शहराला कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून, निम्मा किलोमीटर उंच चढवून आणावं लागतं. जिथं ते पोचलेलं नव्हतं, त्या भागात सगळी भिस्त बोअरवेल आणि टँकरवर. त्या बोअरवेल आटल्या. वसाहतीत नळाच्या वेळा ठरल्या, सूचना लागल्या. सभेत कुणी तरी बोललं, "ज्यांच्याकडे पाहुणे येऊन राहिलेत, त्यांनी जरा विचार करावा." रोख कुणावरच नव्हता. पण ज्या माणसानं पस्तीस वर्षं शेतांना पाणी वाटलं, त्याला ते वाक्य झोंबलं. आजोबांनी दुसऱ्या दिवसापासून आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली.

पुढं ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. शहराच्या हद्दीत आलेल्या ११० गावांसाठी तो होता. पण तोवर घरात वेगळाच विषय निघून गेला होता.

मे महिन्यातल्या एका रात्री मुलगा म्हणाला, "बाबा, दरवर्षीची ही ओढाताण कशाला? नागपूरचं घर विकू या. त्यात माझी भर घालून इथं मोठं घर घेऊ. तुम्हा दोघांना वेगळी खोली. कायमचेच या."

मुलाच्या मनात काळजीच होती, त्यात शंका नाही. आजोबा जवळजवळ 'हो' म्हणाले. आजी काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री दोघंही जागेच होते.

"नाही म्हणायला कारण काय आहे आपल्याकडे?" आजोबांनी अंधारात विचारलं.

"कारण नाही. पण परत जायला जागाच नसली, तर मी इथं येऊ कशी?" आजी म्हणाल्या.

जूनमध्ये नागपूरला परतल्यावर आजोबांनी एका वकील स्नेह्याला गाठलं. त्यानं सांगितलं, की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये संरक्षण आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. त्यासाठी ती अट दस्तातच लिहिलेली असावी. "पण काका," तो म्हणाला, "त्यासाठी पोटच्या मुलाविरुद्ध न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. तुमच्या घरात तसं कधी होणार नाही. मग ती वेळच कशाला आणायची? घर असू द्या."

दिवाळीत मुलगा-सून नागपूरला आले, तेव्हा आजींनी विषय काढला. मुलाकडे नाही, सुनेकडे! फराळाच्या करंज्या भरता भरता त्या म्हणाल्या, "घर आम्ही विकत नाही. पण उन्हाळ्यात येणार. फक्त तुमच्या घरात नाही, तुमच्या शेजारी. आमची चूल वेगळी."

मुलगा दुखावला. "म्हणजे मी असताना माझे आई-वडील भाड्याच्या घरात? लोक काय म्हणतील?"

सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लोकांचं राहू दे. आई इथं किती मोकळ्या हसतात, बघितलंस? बंगळूरला मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही." आणि हळूच पुढं म्हणाली, "मीही चार महिने जपूनच वागत असते, आई."

इतक्या वर्षांत दोघी एकमेकींना जपत राहिल्या होत्या आणि दोघीही दमल्या होत्या!

जागा मात्र सहज मिळेना. चार महिन्यांसाठी घर द्यायला कुणी तयार होईना, वर कित्येक महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट. शेवटी तो बाकच कामाला आला. गुंटूरच्या जोडप्याची मुलगी अमेरिकेत. तिथं पाहुण्यांना साधारण सहा महिने राहू देतात, म्हणून ती दोघं मार्चमध्ये जाऊन ऑगस्टमध्ये परतत. त्याच वसाहतीतलं त्यांचं छोटं घर तोवर बंदच असे. ते म्हणाले, "तुम्ही राहा. देखभालीचा खर्च आणि विजेचं बिल भरा. घरात दिवा लागेल, आम्हाला आणखी काय हवं?"

२०२५ च्या होळीनंतर आजींनी त्या घरात दूध उतू घालवलं आणि गॅसच्या शेगडीवर लोखंडी तवा चढवला. पहिल्याच दिवशी भाकरी टम्म फुगली. आजोबांनी बातम्या पूर्ण आवाजात ऐकल्या. संध्याकाळी नातू दप्तर टाकून ओरडला, "मी आजीकडे जातो!" हे वाक्य आजवर त्याला फक्त दिवाळीच्या सुट्टीत म्हणता येत असे.

सगळंच सोपं झालं, असं नाही. एका रात्री आजोबांना ताप चढला, तेव्हा आजींना तीन मजले आणि एक अंगण फार लांब वाटलं. मुलगा दहा मिनिटांत आला, पण "इथंच असता तर..." हे त्याच्या तोंडून गेलंच. आजींनी ते ऐकून घेतलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक किल्ली त्याच्याकडे दिली गेली.

जूनमध्ये निघायची वेळ झाली. घर झाडून-पुसून आजींनी बॅगा भरल्या आणि तवा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतला. सूनबाईनं तो हातातून घेतला.

"आई, हा इथंच राहू द्या माझ्याकडे. पुढच्या होळीला लागेलच ना."

आजींनी आजोबांकडे पाहिलं. नागपूरला भाकरीसाठी आता दुसरा तवा घ्यावा लागणार होता. आजोबांनी लगेच हिशेब केला आणि म्हणाले, "घेऊ की. दोन घरं म्हटल्यावर दोन तवे लागणारच."