कार्डातच राहिलेली माणसे

आपल्या घरांतील फोटोंचे साधारण तीन कालखंड पडतात. पहिला रोलचा आणि अल्बमचा. तिसरा मोबाइलचा. या दोघांच्या मध्ये एक छोटासा काळ होऊन गेला, तो डिजिटल कॅमेऱ्याचा. आमच्याकडे तो २००७ ते २०१३ असा होता, तुमच्याकडे दोन-चार वर्षे मागेपुढे असेल. अल्बममधले फोटो कपाटात आहेत, मोबाइलमधले खिशात आहेत. मधल्या काळातले कुठे आहेत? हा प्रश्न आज संध्याकाळी दस्तरखानावर विचारून पाहा. बहुधा सगळे एकमेकांकडे बघतील.

माझे माहेर अचलपूर, सासर बाळापूर. आमच्या घरी डिजिटल कॅमेरा आला तो धाकट्या दिरांमुळे. ते तेव्हा जेद्दाहला नोकरीला होते. सुट्टीवर येताना खजूर, अत्तर, अम्मींसाठी कापड आणि एक चंदेरी रंगाचा छोटा कॅमेरा घेऊन आले. त्यात दोन पेन्सिल सेल लागत आणि वीस-पंचवीस फोटोंत ते मान टाकत. तरी त्या सुट्टीत दिरांनी घरातले कुणी सोडले नाही. मुलांना घेऊन ते मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरच्या किल्ल्यावर गेले. हा किल्ला १७५७ मध्ये एलिचपूरचे नवाब इस्माईल खान यांनी पूर्ण केला. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. त्यामुळे अब्बा, म्हणजे माझे सासरे, मला गमतीने म्हणायचे, "बेटा, तुझ्या गावच्या लोकांनी आमचं काम पूर्ण केलं." नदीकाठच्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीतही अब्बांना बसवून दिरांनी फोटो काढले.

अब्बांना भिंतीवर फोटो लावलेले आवडत नसत. ज्या खोलीत नमाज होते तिथे तर नाहीच. आमच्या घरात आजही एकही चौकट टांगलेली नाही. फोटो काढायला मात्र त्यांची ना नव्हती. "ठेवा, पण झाकून ठेवा," एवढेच म्हणत. म्हणून फोटो लोखंडी कपाटात राहिले आणि डिजिटल कॅमेरा आल्यावर कपाटातल्या एका डबीत, नखाएवढ्या कार्डावर राहिले.

असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला. रोलच्या काळात ३६ फोटो संपले की रोल स्टुडिओत द्यावाच लागे. धुतल्याशिवाय फोटो दिसतच नसत. म्हणजे फोटो काढणे आणि तो कागदावर येणे ही एकाच कामाची दोन टोके होती. डिजिटल कॅमेऱ्याने फोटो तिथल्या तिथे, मागच्या काचेवर दाखवला. बघून झाले, हसून झाले, काम संपल्यासारखे वाटले. तो कॅमेऱ्यातून बाहेर काढून कुठेतरी नीट ठेवायचा असतो, हे काम आता स्टुडिओवाल्याचे नव्हते, आपले होते. १९७५ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि ते पाहायला फीत दुसऱ्या यंत्रात घालून टीव्हीला जोडावी लागे. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच या कॅमेऱ्याचे अर्धे काम कॅमेऱ्याबाहेर होते. पुढे यंत्र सोपे झाले आणि ते अर्धे काम आपल्या लक्षातून गेले.

शिवाय तेव्हा ते काम सोपेही नव्हते. आमच्याकडे कॉम्प्युटर होता, पण भारनियमनाचे दिवस होते. जवळच पारसचे वीज केंद्र, तिथल्या चिमण्या दिसायच्या आणि घरात मात्र दिवसातून कितीतरी तास अंधार. फोटो कॉम्प्युटरवर जात असताना मध्येच वीज जायची. मग लोक कार्ड घेऊन दुकानात जात. तिथे सीडी करून मिळे.

एकदा नणंदेच्या मेहंदीचे फोटो असे सीडीवर घालून आणले, तेव्हा अम्मींनी विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, "सीडी तर घरी आली. पण दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये आपल्या पोरी राहिल्या का?" आम्ही सगळे गप्प. अम्मी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. पण फोटो 'दिला' तरी तो देणाऱ्याकडेही राहतो, ही गोष्ट त्यांनी आमच्या आधी ओळखली. हे लगेच दुकानात परत गेले. दुकानदार भला माणूस. त्याने समोर बसवून सगळे पुसले, कचरापेटीही रिकामी केली. त्यानंतर मात्र अम्मींनी कार्ड घराबाहेर जाऊ दिले नाही. ते डबीत गेले आणि डबी कपाटात.

तीन वर्षांपूर्वी अब्बांचे इंतिकाल झाले. अल्लाह त्यांना मगफिरत देवो. शेवटची चार वर्षे ते अंथरुणालाच होते. माझा धाकटा मुलगा त्याच काळात मोठा झाला. त्याला दादा म्हणजे पलंगावर पडलेले, नाकात नळी असलेले, कुणाला न ओळखणारे, एवढेच माहीत. मोबाइलमध्येही अब्बांचे तेच फोटो. आणि अल्बममध्ये बघावे तर काळ्या दाढीचे, तरणेबांड, सायकलवर बसलेले; मुलगा म्हणे, "हे दादा नाहीत." मधले अब्बा, पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल, बाजारातून पिशवी भरून आणणारे, नातवंडांना किल्ला दाखवणारे, त्या डबीत होते.

गेल्या रमजानच्या आधी घराची साफसफाई करताना मी ठरवले की आता हे काम करायचे. कॅमेरा उघडला तर आत राहिलेले सेल गळून सगळे हिरवे-पांढरे झालेले. कॅमेरा गेला होता. पण त्याने काही अडत नाही. कार्ड बाहेर काढून कार्ड रीडरमध्ये घातले की कॉम्प्युटर ते पेनड्राइव्हसारखेच वाचतो. हा रीडर फार महाग नसतो. कार्डाच्या कडेला एक छोटी कळ असते, ती खाली सरकवून 'लॉक' केली की सहसा चुकून काही पुसले जात नाही. ते आधी केले.

कार्डात 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर दिसतो. म्हणजे डिजिटल कॅमेरा इमेजेस. कंपनी कोणतीही असो, बहुतेक कॅमेऱ्यांत हेच नाव. त्यात १०० पासून सुरू होणारे फोल्डर आणि फोटोंना चार अक्षरे व चार आकडे. इथे एक गोम आहे. आकडे ०००१ ते ९९९९ एवढेच, आणि कित्येक कॅमेरे कार्ड बदलले की पुन्हा पहिल्यापासून मोजतात. त्यामुळे दोन कार्डांवर एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असतात. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेले की कॉम्प्युटर विचारतो, जुन्याच्या जागी नवा ठेवू का? 'हो' म्हटले की एक फोटो कायमचा गेला. म्हणून मी प्रत्येक कार्डासाठी वेगळा फोल्डर केला. 'कट' न करता 'कॉपी' केले, कारण मध्येच वीज गेली तरी मूळ जागेवर फोटो राहतात. शेवटी दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले. पहिल्या कार्डावर ४१२ फोटो, कॉम्प्युटरवरही ४१२.

दुसरे कार्ड उघडलेच नाही. कॉम्प्युटर म्हणू लागला, 'फॉरमॅट करायचे का?' मी नाही म्हटले. अशी कार्डे वर्षानुवर्षे नुसती पडून राहिली की त्यांतला विद्युतभार हळूहळू ओसरतो आणि लिहिलेले पुसट होते. अकोल्याला एक ओळखीचा मुलगा हे काम करतो. माझे यजमान कार्ड घेऊन गेले, त्याच्या शेजारी बसूनच काम करून घेतले. काही फोटो आले, काही गेले. धाकट्या नणंदेच्या निकाहच्या दिवसाचे कित्येक फोटो वरून अर्धे आणि खाली नुसती करडी पट्टी. नणंद बघून हसली आणि मग आत निघून गेली. पाच-सहा वर्षे आधी काढले असते तर कदाचित पूर्ण मिळाले असते.

खरे काम पुढेच होते. फोटो कॉम्प्युटरवर आले तेव्हा त्यांच्यावरच्या तारखा बघून आम्ही चक्रावलो. ईदचा फोटो एक जानेवारीचा, मेहंदीचा फोटोही एक जानेवारीचा. सेल काढले की कॅमेऱ्याचे घड्याळ पहिल्या जागी जाई आणि ते पुन्हा लावायचे कुणाच्या ध्यानी नसे. यंत्राने लिहून ठेवलेली तारीख खोटी होती. खरी तारीख एकाच ठिकाणी होती, अम्मींजवळ.

रोज असरनंतर आम्ही त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवू लागलो. चष्मा पुसून त्या बघत आणि सांगत, "हे बकरी ईदचं. मागे बघ, भिंत हिरवी आहे. चुना नंतर मारला." "हे थंडीतलं. अंगणात कापसाचे गाठोडे आहेत, विकले नव्हते अजून." "हिचे पुढचे दोन दात पडलेले आहेत, म्हणजे पहिलीत असेल." एका फोटोत कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला आम्ही कुणीच ओळखले नाही. अम्मी म्हणाल्या, "ही अब्बांची फूफी. खामगावहून एकदाच आली होती. त्यानंतर सहा महिन्यांत गेली. हिचा दुसरा फोटो नसेल कुणाकडे." मी तो फोटो त्यांच्या नातवाला पाठवला. खरोखरच त्यांच्याकडे एकही नव्हता.

अम्मी आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्या नसत्या तर फोटो राहिले असते, माणसे गेली असती. म्हणून मी प्रत्येक फोल्डरला नाव दिले: साल, प्रसंग, कोण कोण. आणि एका वहीतही लिहिले.

छत्रीतला अब्बांचा फोटो माझ्या धाकट्याने पाहिला. अब्बा पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलताहेत आणि माझ्या मोठ्या मुलाच्या तळहातावर दाणे ठेवताहेत. धाकटा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "दादी, हे बोलायचे पण?" अम्मी म्हणाल्या, "बोलायचे? थांबायचेच नाहीत." त्या दिवशी त्याला कुठे एक धडधाकट दादा मिळाला.

आता दोन गोष्टी माझ्या बहिणींसाठी. पहिली, फोटो पुसला म्हणजे तो लगेच नाहीसा होत नाही. यंत्र फक्त यादीतून त्याचे नाव काढते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. म्हणून चुकून पुसला गेला तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका, तो परत मिळू शकतो. आणि म्हणूनच, घरच्या मुलीबाळींचे फोटो असलेले जुने कार्ड भंगारात किंवा कुणाला वापरायला देऊ नका. आपण पुसलेले दुसऱ्याला काढता येते. नको असेल तर कार्ड मोडून टाका. अम्मींचा दुकानातला प्रश्न आजही तितकाच खरा आहे. कुणी विश्वासाने आपल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहते, तेव्हा तो फोटो आपल्याकडे अमानत असतो.

दुसरी, एकच ठिकाण पुरेसे नाही. आम्ही एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि ती डिस्क नणंदेच्या घरी खामगावला दिली. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो आकसून जातो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला. बायकांच्या समारंभाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, ते कुणालाच पाठवले नाहीत. आणि निवडक चाळीस फोटोंचे कागदावर प्रिंट काढून अल्बम केला, कारण अम्मींना तोच हातात धरता येतो.

तुमच्या कपाटातही अशी एखादी डबी असेल. ती उघडा. कार्ड वाचणारा रीडर बाजारात उद्याही मिळेल. फोटोतल्या माणसांची नावे सांगणारे मात्र घरात आहेत तोवरच त्यांना विचारून घ्या.