दिवाळी अंकातला लेख आणि डिजिटल कॉपीराइट

भारतात साहित्यकृतीचा कॉपीराइट ती लिहून होताच लेखकाकडे येतो. त्यासाठी नोंदणीची अट नाही. कॉपीराइट कार्यालयातली नोंद वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते, इतकेच. कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 14 नुसार कृतीच्या प्रती काढणे, ती लोकांपर्यंत पोहोचवणे, तिचे भाषांतर वा रूपांतर करणे आणि तिच्यावरून ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत बनवणे हे सारे हक्क कॉपीराइटधारकाचे असतात. त्यामुळे छापलेल्या लेखाचे अभिवाचन करून त्याचा व्हिडिओ प्रसारित करायलाही परवानगी लागते.

या तरतुदींशी प्रस्तुत लेखकाचा संबंध आला तो एका दिवाळी अंकातल्या ललित लेखामुळे. अंक बाजारात आल्यानंतर काही महिन्यांनी तो लेख मोबाइलवरच्या गटांमधून फिरू लागला. शेवटचा परिच्छेद गाळलेला, लेखकाचे नाव नाही आणि तळाशी नुसते ‘साभार’. पुढे त्याच मजकुराचे अभिवाचन एका व्हिडिओ वाहिनीवर आले. पार्श्वभूमीला बासरी आणि अधूनमधून जाहिराती. विचारणा केल्यावर वाहिनीचालकाने कळवले, की मजकूर फॉरवर्ड होऊन आला होता, लेखक ठाऊक नव्हता. आता वर्णनात नाव घालतो.

कायद्याच्या दृष्टीने येथे दोन वेगवेगळे हक्क गुंतलेले असतात. कलम 57 लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा, तसेच प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क देते. कॉपीराइट दुसऱ्याला विकला, तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. कलम 14 चे हक्क आर्थिक स्वरूपाचे आहेत. नाव दिल्याने पहिल्या हक्काची बूज राखली जाते. दुसऱ्या हक्कासाठी परवानगी तरीही घ्यावीच लागते. वैयक्तिक उपयोग, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशा कारणांसाठी कलम 52 सवलत देते. जाहिरातींसह अख्ख्या लेखाचे अभिवाचन त्यात बसवणे कठीण.

तक्रार करण्यापूर्वी ठरवावे लागले, की हक्क नेमका कोणाचा: लेखकाचा की अंकाचा? कलम 17 नुसार नियतकालिकाच्या नोकरीत असलेल्या लेखकाने त्या कामात लिहिलेल्या मजकुराच्या नियतकालिकातील प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. बाहेरून लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. तो हस्तांतरित करायचा तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि सहीचा दस्तऐवज हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. शिवाय 2012 च्या दुरुस्तीने असे ठरवले, की करार करताना अस्तित्वात वा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख करारात नसेल, तर त्या माध्यमातले हक्क हस्तांतरित होत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत लेख मागवणारे आणि मानधनाचे मेल एवढेच कागद होते. हक्क लेखकाकडेच होता.

मग पुरावा. व्हिडिओची लिंक, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, अंकाची छापील प्रत, मूळ फाइल आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार हे सगळे आधी जपून ठेवले, कारण तक्रार होताच व्हिडिओ नाहीसा होऊ शकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना तिच्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते.

कॉपीराइट नियम, 2013 मधील नियम 75 नुसार मध्यस्थाकडे, म्हणजे मजकूर साठवणाऱ्या मंचाकडे, करायच्या तक्रारीत कृतीचा तपशील, मालकीचा आधार, मजकुराचे नेमके ठिकाण आणि दावा दाखल करण्याची हमी द्यावी लागते. तक्रारीची खातरी पटल्यास मध्यस्थाने 36 तासांत मजकूर रोखायचा असतो. 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. प्रत्यक्षात मोठ्या परदेशी मंचांचे अर्ज अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या धर्तीवर असतात आणि प्रस्तुत लेखकालाही तसाच अर्ज भरावा लागला. प्रत्येक व्हिडिओची लिंक स्वतंत्रपणे देणे महत्त्वाचे ठरते. मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्धच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2016 मध्ये असा निर्णय दिला, की उल्लंघनाची मोघम कल्पना असल्याने मध्यस्थ जबाबदार ठरत नाही. विशिष्ट मजकुराबद्दल प्रत्यक्ष माहिती त्याला असली पाहिजे.

अर्जानंतर व्हिडिओ हटला. वाहिनीचालकाने प्रतिदावा केला नाही, त्यामुळे न्यायालयात जावे लागले नाही. तशी वेळ आली असती, तर कलम 62 लेखकाला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची मुभा देते.

मोबाइलवरचे फॉरवर्ड मात्र थांबले नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असलेला संदेश मध्यस्थाला वाचता येत नाही आणि खुल्या मंचावरच्यासारखी दाखवायला लिंकही नसते. तेथे हक्क शाबूत राहतो, अंमलबजावणी तेवढी होत नाही.

अभिवाचन करणाऱ्यांनी हक्कांची मुदतही पाहायला हवी. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. 1950 मध्ये वारलेल्या साने गुरुजींचे असे लेखन 2011 पासून सर्वांना खुले आहे; 1969 मध्ये वारलेल्या आचार्य अत्रे यांचे 2029 अखेरपर्यंत संरक्षित राहील. मुदत संपली नसेल, तर आधी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. लेखकांनीही संपादकाला लेख पाठवताना एक ओळ जरूर लिहावी: परवानगी या अंकातल्या एकवेळच्या छपाईपुरती, ध्वनी आणि डिजिटल माध्यमांचे हक्क राखून.