‘काकेरु’ आणि ‘लावणे’

चाकणच्या एका कारखान्यातला प्रसंग. जपानहून आलेल्या वयस्क अभियंत्याने एका कंत्राटी कामगाराने स्वतःच्या कल्पनेने तयार केलेला जिग हातात घेऊन निरखला आणि ‘ते ओ काकेता’ असे उद्गार काढले. शेजारच्या दुभाषी तरुणीने घाईत मराठी केले : ‘याला तुम्ही हात लावलात ना?’ कामगाराचा चेहरा उतरला. परवानगीवाचून कशाला हात लावणे हा कारखान्यात अपराध असतो. आणि त्याचे कंत्राट महिनाअखेर संपणार होते. ‘मी नाही, साहेब,’ तो म्हणाला. अभियंत्याला म्हणायचे होते : यावर फार मेहनत घेतलेली दिसते.

ही चूक अज्ञानातून नव्हे, साम्यातून घडली. ‘काकेरु’ म्हणजे मुळात टांगणे, अडकवणे. पण जपानी माणूस चष्मा, कुलूप, ब्रेक, फोन, गाणे या सर्वांसाठी हेच क्रियापद योजतो, आणि मराठी माणूस ‘लावणे’. त्याचे अकर्मक रूप ‘काकारु’. तेही आपल्या ‘लागणे’शी जुळते. वेळ लागतो, पैसे लागतात, कुलूप लागते. भाषाकुळे भिन्न असूनही विद्यार्थ्याला येथे सोयरा भेटल्यासारखे वाटते. फसगत होते ती या विश्वासामुळेच. खुर्चीवर टेकणे, मीठ भुरभुरणे, गुणाकार करणे हे ‘काकेरु’चे अर्थ तर उघडच परके, म्हणून निरुपद्रवी. धोका जवळच्या अर्थांत असतो. ‘वेळ लावलास’ हा मराठीत ठपका आहे. जपानीत कामाला वेळ ‘काकेरु’ करणे ही बहुधा प्रशंसा असते. क्रिया तीच, तिच्याविषयीचा समाजाचा निवाडा उलट.

आकुर्डीच्या बजाज ऑटोने 1980च्या दशकात कावासाकीशी तांत्रिक सहकार्य केले. पुढे या पट्ट्यातील कारखान्यांच्या भिंतींवर ‘कायझेन’, ‘पोका-योके’ हे शब्द देवनागरीत झळकू लागले. आली ती नामेच. त्यांना मराठीने ‘करणे’, ‘लावणे’ जोडून आपलेसे केले. जपानी क्रियापदे मात्र दुभाष्याच्या जिभेपलीकडे गेली नाहीत. शिस्त नामांतून कळवता येते. कौतुकाला क्रियापद हवे असते, आणि ते वाटेतच राहिले.

जपानी काव्यशास्त्रात ‘काकेकोतोबा’ नावाचा अलंकार आहे. त्यातील ‘काके’ याच धातूचे. एका ध्वनीवर दोन अर्थ टांगलेले : ‘मात्सु’ म्हणजे पाइन वृक्ष, आणि वाट पाहणेही. आपल्या श्लेषाचा मूळ अर्थही चिकटणे, मिठी मारणे असाच. कवितेत असे दोन अर्थ एकत्र नांदणे ही समृद्धी होय. त्या कामगाराला एकच अर्थ ऐकू आला, आणि तोही आरोपाचा. समीक्षेत आपण ‘अर्थ लावणे’ म्हणतो ते किती निर्धास्तपणे!

दुभाषी तरुणीला चूक उमगली ती दुपारच्या चहाला. तिने त्याला गाठून सांगितले, ‘दादा, साहेब तुमचं कौतुक करत होते.’ तो क्षणभर हसला. पण तोवर सूचनांच्या कागदावर त्या जिगपुढे दुसऱ्याचे नाव लिहून झाले होते.