नाव झाकून वाचलेली कथा

साहित्यसिद्धान्ताचा पेपर मी एम.ए.च्या वर्गाला बरीच वर्षं शिकवला आणि त्यातला मोठा काळ चुकीचा शिकवला. फळ्यावर तक्ता काढायचा: रूपवाद, नवसमीक्षा, संरचनावाद, मार्क्सवाद, स्त्रीवाद. प्रत्येकापुढे सन, दोन-तीन नावं, चार वैशिष्ट्यं. मुलं ते उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जसंच्या तसं लिहायची. मलाही हे सारं मार्गदर्शक पुस्तकांतूनच मिळालेलं होतं. मूळ लेख मी उघडलेही नव्हते.

त्यातल्या त्यात नवसमीक्षेवर माझा फार जीव. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता दिल्या, त्यांचे अभिप्राय लिहून घेतले आणि 1929 साली ते पुस्तकरूपाने मांडले, हे मी रंगवून सांगायचो. तोच प्रयोग वर्गात करावा म्हणून मी बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ निवडली. लेखकाचं नाव झाकलं, 1963 हे संग्रहाचं सालही काढून टाकलं आणि बजावलं, की फक्त संहितेबद्दल लिहा. लेखकाचं आयुष्य नको, तुमचं तर नकोच.

रेल्वेत नोकरी मिळालेला एक तरुण परगावी जातो, राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो, ती उघड होते आणि त्याला मार बसतो. एका विद्यार्थ्याने उत्तरात या कथेतला ताण नेमका पकडला होता. मग पुढच्या परिच्छेदात त्याने वडिलांबद्दल लिहिलं: शहरात खोली शोधताना घरमालकाने आडनाव विचारलं की ते आधी गावाचं नाव सांगायचे, बोलणं लांबवायचे. त्या परिच्छेदावर मी तांबड्या शाईची तिरपी रेघ मारली, समासात ‘संहितेबाहेरचे’ असा शेरा दिला आणि गुण कापले. उत्तरपत्रिका परत घेताना तो काही बोलला नाही. पुढे माझ्या तासाला त्याने एकही प्रश्न विचारला नाही, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

बऱ्याच काळाने एका व्याख्यानाच्या निमित्ताने विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांचा 1946चा लेखकाच्या हेतूविषयीचा मूळ लेख वाचायला घेतला. लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या यशापयशाचा निकष धरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. शब्दांचे अर्थ, भाषेचा वापर, ती भाषा ज्या संस्कृतीतून घडते ती संस्कृती, हे सारं ते कवितेच्या आतल्या पुराव्यात धरतात. म्हणजे आडनाव विचारण्यामागे काय असतं हे माहीत असणं त्यांच्या मतेही संहितेच्या आतलंच ठरलं असतं. रिचर्ड्‌सचंही तेच. नावं झाकणं हा त्याचा आदर्श नव्हता. वाचक कुठे आणि का चुकतात ते त्याला तपासायचं होतं. वाचणाऱ्याच्या मनात कोणत्या आठवणी जाग्या होतात आणि त्या वाचनाला कुठे साथ देतात, कुठे भरकटवतात, याची त्याने बारकाईने दखल घेतली आहे. मी मात्र त्याच्या नावावर आठवणींना वर्गाबाहेर काढलं होतं.

हे कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ती चूकही लहान नव्हती. दलित साहित्य आलं की वेदना, नकार, विद्रोह हे तीन शब्द, शरद पाटील आणि शरणकुमार लिंबाळे यांच्या सौंदर्यशास्त्रविषयक पुस्तकांची नावं, आणि तास संपला. बागुलांची कथा पुरावा म्हणून वाचायची, कथा म्हणून नाही. ज्या लेखकाने वाक्य न् वाक्य घडवलं त्याच्या कारागिरीबद्दल मी वर्गात चकार शब्द काढत नव्हतो. हा अन्याय मला आज पहिल्या चुकीइतकाच मोठा वाटतो.

त्यातून वाट काढून दिली ती श्क्लोव्हस्कीने. 1917च्या निबंधात तो टॉलस्टॉयच्या घोड्याच्या कथेविषयी लिहितो: मालकी ही माणसांना सवयीची गोष्ट, पण घोडा सांगतो तेव्हा ती विचित्र दिसू लागते. सवयीने बोथट झालेली नजर कलेने पुन्हा धारदार करावी, हे त्याचं सूत्र. बागुलांच्या कथेला ते लावून पाहा. नव्या गावातलं आगतस्वागत, चौकशी, आपुलकी. लपवणाऱ्याच्या तोंडून ऐकताना यातली प्रत्येक साधी गोष्ट भयंकर होते. रशियन रूपवाद आणि दलित समीक्षा माझ्या तक्त्यात दोन वेगळ्या रकान्यांत होत्या. या कथेत त्या एकमेकींना उजेड दाखवतात.

तक्त्याने आणखीही बरंच झाकलं. स्त्रीवादी समीक्षा पश्चिमेकडे विसाव्या शतकात सुरू झाली असं मी सांगायचो. पण 1882 साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिताना त्या काळच्या कथा-नाटकांत बायका कशा रंगवल्या जातात याचाही जाब विचारला होता. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं. सिद्धान्ताच्या तासाला ते न्यावं असं कधी सुचलं नाही.

आता तक्ता शेवटी काढतो. आधी कथा मोठ्याने वाचतो आणि मुलांना जे आठवेल ते लिहू देतो. अट एकच, कथेतल्या कोणत्या वाक्याशी ते आठवलं ते दाखवायचं. आजच्या या कसोटीवर त्या विद्यार्थ्याचा परिच्छेद पूर्ण गुणांचा होता. त्याचा निकाल कधीच लागून गेला, तो बदलणं माझ्या हातात राहिलेलं नाही.