नुसतें जवळ बसणें

उपदेश करण्यास भांडवल लागत नाहीं, म्हणून तो मीं सढळ हातानें केला. गेल्या पावसाळ्यांत माझा एक स्नेही महिनाभर अंथरुणास खिळून होता. ताप नव्हता, जखम नव्हती, तेव्हां मीं त्याला बजावलें, "मन घट्ट कर. तुला काय कमी आहे?" त्यानें भिंतीकडे तोंड फिरविलें, आणि मी कर्तव्य बजावल्याच्या समाधानांत घरीं परतलों.

पुढें त्याच्या आईंकडून कळलें कीं, त्याच आठवड्यांत तो जीव देण्यास निघाला होता. त्यांना वेळेवर जाग आली म्हणूनच बचावला. १८६० च्या दंडविधानांत या प्रयत्नास वर्षापर्यंत कैद सांगितली होती. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र असा मनुष्य तीव्र ताणाखालीं आहे असें गृहीत धरतो व त्याच्या शुश्रूषेचा भार सरकारवर टाकतो. कायद्यास जें उमगलें, तें मला मित्र असून उमगलें नव्हतें!

दुसऱ्या खेपेस मी नुसता जवळ बसलों. आईंनीं ठेवलेला चहा निवून गेला. बऱ्याच वेळानें तो म्हणाला, "रात्र फार मोठी असते रे." ओठांवर आलेलें उत्तर मीं गिळलें व "सांग," एवढेंच म्हटलें. मग तो बोलूं लागला. दोन दिवसांनीं आम्ही दोघे मनोविकारतज्ज्ञांकडे गेलों.

तो अद्याप पुरता बरा नाहीं. मीही अद्याप पुरतें ऐकावयास शिकलों नाहीं. पण दर मंगळवारीं सायंकाळीं मी त्याच्याकडे जातों, आणि हल्लीं चहा निवण्यापूर्वीं संपतो.