हायवे नंबर १४ : पहिलं कोण आलं?

अमेरिकेत लाँग ड्राइव्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो रूट ६६, नाहीतर कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा. मिनेसोटातल्या मक्याच्या शेतांतून जाणारा यूएस हायवे १४ कुणाच्या विशलिस्टवर नसतो. ना डोंगर, ना समुद्र. दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका. पण शिकागोपासून थेट यलोस्टोनच्या दारापर्यंत जाणाऱ्या या रस्त्याचा मिनेसोटा आणि साउथ डकोटातला मोठा भाग एका लेखिकेच्या नावाने ओळखला जातो : लॉरा इंगल्स वाइल्डर हिस्टॉरिक हायवे.

लॉरा म्हणजे ‘लिटल हाऊस’ पुस्तकांची लेखिका. १८६७ चा जन्म. घोडागाडीत संसार भरून नव्या जमिनीच्या शोधात फिरणाऱ्या आई-बाबांच्या आणि बहिणींच्या आठवणी तिने साठी ओलांडल्यावर लिहिल्या. १९३२ ते १९४३ या काळात आठ पुस्तकं आली आणि १९७४ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही सिरियलने ती घराघरांत पोहोचवली. तिच्या निमित्ताने हा रस्ता या भागात पहिल्यांदा नांगर धरणाऱ्या सगळ्याच कुटुंबांना सलाम करतो. मिनीआपोलिसला जॉब करणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची गाडी आणि एक लाँग वीकेंड, एवढ्या भांडवलावर आम्ही निघालो.

मॅन्केटोचा थांबा

पहिला हॉल्ट मॅन्केटो. इथे लॉराचं काही नाही, त्यामुळे बरेच जण गाव बायपास करतात. आम्ही आत वळलो. लायब्ररीसमोर छोटीशी बाग आहे, रिकन्सिलिएशन पार्क. तिथे दगडात कोरलेला एक बायसन आणि जवळच ३८ नावं. २६ डिसेंबर १८६२ ला या गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. अमेरिकेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी सामूहिक फाशी.

झालं होतं असं, की १८५१ च्या करारांत डकोटा लोकांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सोडली. बदल्यात दरवर्षी पैसे मिळायचे होते. १८६२ च्या उन्हाळ्यात ते वेळेवर आलेच नाहीत, दुकानदारांनी उधारी बंद केली आणि उपासमार सुरू झाली. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, शेकडो वसाहतकरीही मारले गेले. शेवटी १८६३ मध्ये काँग्रेसने करार रद्द केले आणि डकोटांना मिनेसोटाबाहेर काढलं.

आणि योगायोग बघा. त्याच १८६२ च्या मे महिन्यात लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली होती. पाच वर्षं राहा, जमीन कसा आणि १६० एकर जवळजवळ फुकट घ्या!

पुढे न्यू उल्म लागतं, त्या युद्धात दोनदा हल्ले झेललेलं जर्मन लोकांचं गाव. त्यानंतर स्लीपी आय. हसू नका, गावाचं नाव खरंच ‘झोपाळू डोळा’ आहे! तेही एका डकोटा प्रमुखाच्या नावावरून. ज्यांना हाकललं, त्यांची नावं मात्र गावांनी ठेवून घेतली.

खळगा आणि टोळधाड

वॉलनट ग्रोव्ह हे सिरियलमुळे फेमस झालेलं गाव. इंगल्स कुटुंब १८७४ मध्ये इथे आलं आणि प्लम क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठात खोदलेल्या घरात राहिलं. एका खासगी शेतातून तिथे जाता येतं. आज दिसतो तो फक्त गवताने भरलेला एक खळगा, कारण छत कधीच कोसळलंय. मला वाटलं होतं सेल्फी काढून निघू. पण तिथे बराच वेळ बसलो. एवढ्याशा जागेत तीन मुली आणि आई-बाबा!

गहू हाताशी आला आणि टोळधाड आली. १८७३ ते १८७७ अशी पाच वर्षं या भागात टोळांनी उच्छाद मांडला. बाबाला मजुरीसाठी पायी पूर्वेकडे जावं लागलं. गंमत म्हणजे रॉकी माउंटन टोळांची ती जातच पुढे नामशेष झाली. जिवंत टोळ शेवटचा सापडला तो १९०२ मध्ये.

पुढचा टप्पा साउथ डकोटातलं डी स्मेट. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे महिनोन्‌महिने अडकली, तेव्हा घरात वाळलेल्या गवताचे पीळ जाळले जायचे आणि कॉफीच्या गिरणीत गहू दळला जायचा. बाबाने लावलेली कॉटनवुडची काही झाडं अजून उभी आहेत. शेत मात्र टिकलं नाही. बाबा गावात राहायला गेला आणि लॉरा नवऱ्यासोबत १८९४ मध्ये मिझुरीला निघून गेली. ज्यांच्या नावाचा हा रस्ता, त्या कुटुंबाचा इथल्या शेतीत निभाव लागलाच नाही.

पाटीवर काय लिहायचं?

लॉराच्या १९३५ च्या पुस्तकात, जिथे फक्त इंडियन राहतात तिथे ‘माणसं’ नाहीत, असा अर्थ निघणारं वाक्य होतं. एका वाचकाच्या तक्रारीनंतर १९५३ मध्ये ते बदलून ‘वसाहतकरी नाहीत’ असं झालं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लायब्ररीवाल्यांच्या संघटनेने बालसाहित्याच्या मोठ्या पुरस्कारावरून तिचं नाव काढलं. रस्त्यावर मात्र ते आहे.

मग पाटी काढायची का? मैत्रीण म्हणाली, “काढू नका, अजून एक लावा.” मला पटलं. खळग्यात राहणाऱ्या बाईचे कष्ट खोटे नव्हते, पण ती जमीन रिकामीही नव्हती.

आणि गोष्ट तिथे संपतही नाही. वॉलनट ग्रोव्हमध्ये आज लाओसमधून आलेल्या हमोंग लोकांची मोठी वस्ती आहे. २००० नंतर ही कुटुंबं इथे यायला लागली, आणि गाव निवडण्यामागे त्या सिरियलचाही थोडा हात होता. उद्या ‘या भागात आधी कोण आलं’ असं विचारलं, तर उत्तरं एकाहून जास्त असतील. रस्ता मोठा आहे, पाट्यांना जागा भरपूर आहे.

कसं जाल?
मिनीआपोलिसहून मॅन्केटो साधारण १३० किमी. तिथून वॉलनट ग्रोव्ह दोन तासांच्या आत, पुढे डी स्मेट अजून दोन तास. जून ते सप्टेंबर बेस्ट. जुलैत दोन्ही गावांत लॉराच्या गोष्टींवर उघड्या रंगमंचावर नाटक होतं. हिवाळ्यात बर्फाची वादळं, तेव्हा टाळाच. आणि मॅन्केटो प्लीज बायपास करू नका.