उधारीचा मिसरा, स्वतःची गिरह

उर्दू शिकवताना मला तज़मीन समजावून सांगायला फार आवडतं. दुसऱ्या शायराचा एखादा मिसरा किंवा शेर घ्यायचा आणि त्याला आपल्या ओळी अशा जोडायच्या, की जुन्या शब्दांतून नवाच अर्थ निघावा. अशा जोडकामाला गिरह लावणं म्हणतात. इक्बालांनी 'बांग-ए-दरा'मध्ये साइब आणि कलीम या फारसी शायरांच्या शेरांवर तज़मीन लिहिली आहे. त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

आज ज्याच्याविषयी लिहितोय, तो माझ्या लेखी संगीतातल्या तज़मीनचा उस्ताद आहे. नाव जेम्स यान्सी, पण जग त्याला जे डिला म्हणतं. जन्म ७ फेब्रुवारी १९७४, गाव अमेरिकेतलं डेट्रॉइट. म्हणजे मोटारींचं आणि मोटाऊन कंपनीच्या सोल संगीताचं शहर. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गायकीतून आलेलं, काळीज पिळवटणारं गाणं. डिला साठ-सत्तरच्या दशकांतल्या अशा रेकॉर्ड घ्यायचा, त्यातले दोन-चार सेकंदांचे तुकडे एमपीसी नावाच्या यंत्रात भरायचा आणि त्याच्या बटणांवर बोटांनी वाजवून नवं गाणं उभं करायचा.

माझ्या भाच्याने ते ऐकलं आणि विचारलं, "मामू, दुसऱ्यांची गाणी कापून चिकटवली. यात ह्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. निबंध गाइडमधून उतरवला की गुण कापणारा मास्तर मीच.

ह्याचं काय, ते ठेक्यात ऐकू येतं. या यंत्रात एक सोय असते: बोट जरा मागेपुढे पडलं तरी यंत्र तो ठोका ओढून नेमक्या मात्रेवर बसवतं. डिला अनेकदा ही सोय बंद ठेवायचा. त्यामुळे त्याचा एक ठोका किंचित आधी पडतो, दुसरा किंचित रेंगाळतो. ताल सुटत नाही, पण डुलतो. यंत्राला माणसाची चाल शिकवली त्याने. आज हाडामांसाचे ड्रमवादक तशी चाल वाजवायचा रियाज करतात. तो एमपीसी आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे.

त्याचा 'डोनट्स' अल्बम ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला. तीन दिवसांनी तो गेला. रक्ताचा एक दुर्मिळ आजार आणि ल्युपस यांनी त्याला पोखरलं होतं. शेवटचे महिने लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात ये-जा करण्यात गेले आणि आजारपणातही काम चालूच होतं. बोटं सुजत, तेव्हा आई ती चोळून द्यायची.

अल्बममध्ये ३१ तुकडे आहेत, बहुतेक मिनिट-दीड मिनिटाचे. पहिल्याचं नावच 'समारोप' या अर्थाचं आहे आणि शेवटचा तुकडा पुन्हा पहिल्याला जाऊन मिळतो. त्या शेवटच्या तुकड्यात मदरलोड या बँडचं १९६९ चं गाणं वापरलं आहे. त्या गाण्याचं नाव 'व्हेन आय डाय', म्हणजे 'मी मरेन तेव्हा'. 'डोन्ट क्राय'मध्ये आवाज आहे द एस्कॉर्ट्सचा. हा गट न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगातल्या कैद्यांचा. डिला आधी त्यांचं गाणं जसंच्या तसं वाजू देतो, मग तोडतो आणि विस्कटलेले तुकडे नव्याने रचतो. हे त्याने आईसाठी केलं असावं, असं अनेक श्रोते मानतात. मलाही तसंच वाटतं. कैद्यांचा आवाज खाटेवरच्या मुलाच्या कामी यावा, याहून चांगली गिरह कोणती?

पण भाच्याचा मुद्दा मी सोडणार नाही. शायर दुसऱ्याचा मिसरा अवतरणचिन्हांत लिहितो. ती कर्जाची कबुली असते. संगीतात ही कबुली पैशांतही द्यावी लागते. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्कीच्या विरोधात निकाल दिला, तेव्हापासून परवानगीशिवाय तुकडा वापरणं महागात पडू लागलं. ते योग्यच झालं. ज्यांच्या गळ्यावर नवं गाणं उभं राहतं, त्यांचा हक्क बुडवून कसली कला?

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. नव्वदच्या दशकात डिला, क्यू-टिप आणि अली शहीद मुहम्मद यांनी मिळून संगीत रचलं. यातले दोघे मुसलमान, डिला नव्हता. गटाचं नाव त्यांनी ठेवलं 'द उम्मा'. उम्मा म्हणजे समुदाय. आपल्याकडे या शब्दाभोवती लोक झटकन कुंपण घालतात. तिथे एका मुसलमान नसलेल्या दोस्तालाही त्यात जागा होती. 'बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ' हा १९९६ चा अल्बम त्यांच्याच हातचा.

ऐकायचं असेल तर 'डोन्ट क्राय'पासून सुरुवात करा. मग द एस्कॉर्ट्सचं मूळ गाणंही शोधून ऐका. भाच्याने तेच केलं. आता त्याच्या फोनमध्ये दोन्ही आहेत, आणि मूळ गाणं तो जास्त ऐकतो.